तंत्रप्रश्न : न पोहोचलेल्या संदेशांचा साठा

प्रश्न : वडोदऱ्यातील आमच्या औषध-वितरण कंपनीत ऑर्डरींसाठी एमएसएमक्यू (संदेश रांगेत ठेवून एका संगणकावरून दुसऱ्यावर पोहोचवणारे मायक्रोसॉफ्टचे सॉफ्टवेअर) वापरतो. सर्व्हरवरील डेड लेटर क्यू (न पोहोचलेल्या संदेशांची रांग) सतत फुगत आहे. ती काढून टाकावी का?

उत्तर : ती काढता येणार नाही, कारण ती ‘सिस्टीम क्यू’ आहे, म्हणजे सॉफ्टवेअरने स्वतः निर्माण केलेली रांग. आपण फक्त आतील संदेश रिकामे करू शकतो. पण कृपया घाईने तेही करू नका, कारण तिथला प्रत्येक संदेश ही कोणाची तरी न पोहोचलेली ऑर्डर असू शकते. विंडोजच्या ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’ या साधनात संदेश उघडून त्याचा ‘क्लास’ पाहा : पोहोचण्याची मुदत संपली, परवानगी नाकारली गेली की पुढच्या क्यूचा कोटा (साठवणुकीची मर्यादा) भरला, हे तिथेच कळते. व्यवहारात्मक संदेशांसाठी (जे एका व्यवहाराचा भाग म्हणून पाठवले जातात) वेगळी डेड लेटर क्यू असते आणि न पोहोचलेले असे संदेश पाठवणाऱ्या संगणकावरच जमा होतात, म्हणून त्यांचा शोध ऑर्डर स्वीकारणाऱ्या, उदाहरणार्थ गोदामाच्या, सर्व्हरवर नव्हे, तर ऑर्डर जिथून निघाली तिथे घ्यावा. कारण दूर झाल्यावर, तीच ऑर्डर दुसऱ्या मार्गाने नोंदली गेलेली नाही याची खात्री करून, ते संदेश पुन्हा पाठवावेत. हे संदेश आपोआप नाहीसे होत नाहीत आणि संगणकाच्या एकूण कोट्यात मोजले जातात. कोटा भरला, तर नवे संदेशही अडतात. तेव्हा रोज सकाळी ही संख्या तपासण्याचे काम एका ठरावीक व्यक्तीकडे सोपवावे.