गूगल मॅप असताना इतक्या प्रकारचे नकाशे कशाला शिकायचे?

तुम्ही विचारलंय की फोनमध्ये गूगल मॅप असताना शाळेत पोरांना समोच्च रेषा, क्षेत्रघनी पद्धत, सममूल्य पद्धत हे सगळं कशाला शिकवतात, शेवटी नकाशा म्हणजे नकाशाच ना. मलाही दहावीपर्यंत असंच वाटायचं, स्टेन्सिलने महाराष्ट्र काढायचा आणि आत रंग भरायचे, झाला भूगोल.

अक्कल आली ती बेलपाड्यात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याखालचं गाव हे. पहिल्यांदा गेलो तेव्हा फोनवर कडा सरळ रेषेत दोन-तीन किलोमीटर दिसत होता, म्हटलं दुपारचं जेवण वरच करू. गावातल्या मामांना विचारलं तर ते काही बोललेच नाहीत, नुसती मान वर करून दाखवलं. उंचीत जवळपास हजार मीटरचा फरक, मधे उभा कातळ, नळीच्या वाटेने दगडधोंड्यातून चढताना अख्खा दिवस गेला आणि वर पोचलो तेव्हा अंधार पडलेला. गूगलची चूक नाही हो, तो मुळात रस्त्यांसाठी आहे आणि तिथे रस्ताच नव्हता तर तो तरी काय दाखवणार.

नंतर एका मित्राने सर्वे ऑफ इंडियाची टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा, समोर टाकली. प्रमाण १:५०,००० म्हणजे कागदावर दोन सेंटिमीटर तिथे जमिनीवर एक किलोमीटर, आणि त्यावर तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या, दर २० मीटर उंचीला एक, दर पाचवी जाड. रेषा लांब लांब असतील तर पठार, जवळ जवळ आल्या की दम लागणार, आणि कोकणकड्यापाशी तर त्या इतक्या चिकटल्यात की मोजताच येत नाहीत, नुसता तपकिरी फराटा. रेषांचा व्ही आकार झाला आणि त्याचं टोक चढाकडे असेल तर ती नाळ (डोंगरातली घळ) किंवा ओढा, टोक उताराकडे असेल तर सोंड (डोंगराची खाली उतरणारी धार), हे एवढं कळलं तरी निम्मं काम होतं. अजून एक, या शीटवर निळं म्हणजे पाणी पण कोरडा पडणारा ओढा काळ्या रंगात असतो, तेव्हा एप्रिलमध्ये काळी रेघ बघून तिथे बाटल्या भरू म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका (आम्ही गेलोय).

आता पाऊस. क्षेत्रघनी नकाशात अख्ख्या जिल्ह्याला एकच रंग असतो. सातारा घ्या. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, खाली घाट उतरून तीसेक किलोमीटरवर वाईला आलात की सात-आठशे, आणि पुढे माणमध्ये तर टँकरची वाट बघतात. या सगळ्याची सरासरी काढून जिल्ह्याला एक निळा रंग दिला तर तो पाऊस साताऱ्यात नक्की कुठे पडतो सांगा बघू? इथे सममूल्य पद्धत, म्हणजे समपर्जन्य रेषाच लागतात, सारखा पाऊस असलेली ठिकाणं जोडणाऱ्या, घाटमाथ्यावर त्या अशा गर्दी करतात की नकाशा बघूनच कळतं ढग कुठे अडतात ते. म्हणून तर हवामान खातंसुद्धा हल्ली सातारा आणि साताऱ्याचा घाट असे वेगळे इशारे देतं.

तोच घोळ निवडणुकीच्या नकाशात. गडचिरोली-चिमूरचा एक खासदार, टीव्हीवर केवढा मोठा तुकडा रंगतो, आणि मुंबईचे सहा खासदार त्या कोपऱ्यातल्या ठिपक्यात. नकाशा खोटा नाही पण तो जमीन रंगवतोय आणि आपण मतं वाचतोय.

शेतीवाल्यांचा नकाशा तर अजून वेगळाच. आमच्याकडे बांधावरून चुलत्यांशी वाद झाला तेव्हा चुलतभाऊ फोनवर सॅटेलाईट फोटो घेऊन आला, हा बघ बांध इथे दिसतोय. आता फोटोत दिसते ती वहिवाट, म्हणजे आज कोण कुठवर नांगरतोय ते. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं पण आकार नसतो. गटाची हद्द बघायला भूमी अभिलेखचा गाव नकाशा लागतो आणि त्यात ना उंची ना झाड, नुसत्या रेघा आणि गट नंबर. अ‍ॅपमध्ये त्या रेघा फोटोवर चढवलेल्या असतात पण बऱ्याचदा चार-पाच मीटर सरकलेल्या, त्यावर भांडू नका, सरळ सरकारी मोजणी आणा. आम्ही आणली, बांध दोघांचाही चुकीचा निघाला.

लोकलच्या डब्यातला नकाशा राहिलाच. त्यात चर्नी रोड ते ग्रँट रोड जेवढं, तेवढंच विरार ते वैतरणा, खरं म्हणजे पहिलं अंतर किलोमीटरभराचं आणि दुसरं सात-आठचं. पण आत उभ्या माणसाला पुढचं स्टेशन कुठलं आणि गाडी कुठे बदलायची एवढंच हवं असतं. लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समनने असा नकाशा काढला, तो १९३३ साली छापला गेला, आणि तेव्हापासून जगभर मेट्रोवाले हेच करतात.

टोपोशीट बघायची असेल तर सर्वे ऑफ इंडियाच्या साइटवर लॉगिन करून ओपन सीरिजची पीडीएफ उतरवता येते. पहिली शीट तुमच्या गावाची घ्या, जिथला चढ पायाला माहीत आहे तिथली. रेषा पटकन कळतील.