लायब्ररीसाठी पहिले दहा ट्रॅक

तू पाठवलेले तिन्ही ट्रॅक काल रात्री हेडफोन लावून ऐकले. हात छान आहे; माधव संगीत महाविद्यालयात घोटलेला सूर लगेच कळतो. पण आपण ग्वाल्हेरची माणसं, राग सावकाश उलगडण्यात वाढलेली. म्युझिक लायब्ररीत, म्हणजे फिल्म-जाहिरातींना तयार संगीत पुरवणाऱ्या संग्रहात, उलटं आहे. व्हिडिओ एडिटर सुरुवातीचे काही सेकंद ऐकतो आणि पुढे सरकतो. म्हणून आलाप मैफलीसाठी ठेव. एका ट्रॅकमध्ये एकच भाव, तोही पहिल्या सुरापासून. दर १५-२० सेकंदांनी एखादं वाद्य वाढव किंवा काढ, म्हणजे एडिटरला कात्री लावायला जागा मिळते. दोन-अडीच मिनिटं पुरेत. शेवट विरवत नेऊ नकोस, ठाम सुरावर संपव. सुरुवातीला ही चूक मीही केली.

सोबत एवढं तयार ठेव:
- मुख्य चाल काढलेलं मिक्स (संवादाखाली हेच चालतं)
- ३० आणि ६० सेकंदांची रूपं
- ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट वेव्ह फाइल

सारंगी मित्राने वाजवली ना? त्याची लेखी संमती आजच घे. मैत्रीत राहून जातं आणि करार तिथेच अडतो. एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त एकाच लायब्ररीला दिलेला ट्रॅक दुसऱ्या लायब्ररीला कधीच द्यायचा नाही. रॉयल्टीसाठी आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व घे.

मास्टरिंगचं, म्हणजे आवाजावरच्या शेवटच्या सफाईचं, नंतर बघू. आधी एकाच मूडचे दहा ट्रॅक पूर्ण कर. तबला-गिटारच्या तिसऱ्यापासून सुरुवात कर, त्यात जीव आहे.