घरून जाऊन-येऊन कॉलेज करणाऱ्याला 'आपली माणसं' कशी सापडतात? की ठाणं सोडून पुण्याला हॉस्टेलवर जावं?

प्रश्नाखाली तू जे सविस्तर लिहिलंयस ते वाचलं. घर ऐरोलीला, ठाण्यात बी.कॉम.चं दुसरं वर्ष, ओळखी आहेत पण ग्रुप नाही, पुढे काय करायचं ते सुचत नाही, आणि पुण्यातला मित्र म्हणतो की घरून ये-जा करणाऱ्यांना कॉलेज लाइफ मिळतच नाही, तिसऱ्या वर्षाला इकडे ये. मी तुझ्याहून बरीच मोठी आहे, म्हणून सरळ अरे-तुरे करते.

तुझ्या मित्राचं ते वाक्य मी माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून दर दिवाळीला ऐकते. दादा पुण्याला इंजिनिअरिंगला होता, चार वर्षं हॉस्टेलवर. मी कोपरखैरण्याहून ठाण्याला कॉलेजला जायचे, २००८ ते २०११. फराळाला बसलो की त्याच्या मेसच्या आणि रात्रभर जागून केलेल्या सबमिशनच्या गोष्टी सुरू होतात आणि शेवटी माझ्याकडे वळून, "तुझं काय, डबा घेऊन गेलीस, डबा घेऊन आलीस." घरात एकालाच बाहेर ठेवण्याइतके पैसे होते, आणि तो एक कोण हे विचारायची गरज कुणाला वाटली नव्हती. ते असो. पण म्हणून मला कॉलेज मिळालंच नाही असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं.

आम्ही माथाडी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या कामगारांच्या, वसाहतीतले. मूळ गाव पाटण तालुक्यात, बाबा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात. १९८१ साली ते मार्केट मुंबईतून इकडे आलं आणि त्याच्यामागून आमच्यासारखी सातारकडची घरंच्या घरं आली. ट्रान्सहार्बर, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला येणारी लोकल, २००४ ला सुरू झाली म्हणून तरी मी ठाण्याच्या कॉलेजचं नाव घेऊ शकले, नाहीतर बसच्या धक्क्यांत तीन वर्षं काढावी लागली असती. पहिलं वर्ष मी अगदी तुझ्यासारखंच काढलं. सातची गाडी, लेक्चर, परत नऊ-दहा नंबर फलाट, घर. ठाण्याच्या मुली तलावपाळीला, तळ्याकाठी फिरायला, जायच्या, मी एकदोनदा गेले. त्यांच्या शाळेतल्या आठवणी चालल्या होत्या, त्यात मी काय बोलणार?

दुसऱ्या वर्षी एनएसएसला, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेला, नाव दिलं. दहा मार्कांसाठी दिलं, खोटं कशाला सांगू. तेव्हा एनएसएसवाल्यांना नापासाचं पास व्हायला किंवा क्लास गाठायला ते दहा मार्क उपयोगी पडायचे, आणि माझं अकाउंट्स डळमळीत होतं. दादा तेव्हाही म्हणाला होता, झाडं लावून मार्क मिळवणार का. वर्षाला १२० तास भरायचे आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. आमचं शिबिर शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर होतं. आसनगावला उतरायचं, पुढे काळी-पिवळी, मग चालत.

शहापूर तालुका म्हणजे तानसा, मोडकसागर, भातसा ही धरणं. मुंबईला जे पाणी जातं त्यातलं अर्धंअधिक या पट्ट्यातलं. तानसाचं धरण १८९२ चं. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर मार्च संपला की टँकर. तिथली एक बाई हंडा दाखवून म्हणाली, "पाणी आमच्या दारावरून जाता, आमच्या दारात येत नाय." आमच्यातल्या बऱ्याच जणांना, मलाही, पाणी नळाला येतं एवढंच माहीत होतं. नवी मुंबईच्या नळाला मोरबे धरणाचं पाणी येतं हे मी त्या शिबिरात पहिल्यांदा ऐकलं.

काम होतं वनराई बंधारा घालण्याचं. पावसाळा सरला की ओहोळाची धार बारीक होते, तेव्हा सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून आडवा बांध घालायचा. पाणी साठतं, दोनतीन महिने जनावरांना, कपड्यांना, एखाद्या भाजीच्या वाफ्याला पुरतं. खर्च जवळजवळ नाही, लागते ती अंगमेहनत. सर समजावून सांगून पाड्यातल्या लोकांशी बोलायला गेले आणि आमची शूर मंडळी कामाला लागली.

गोण्या भरल्या त्या तोंडापर्यंत ठासून. मुठी मारमारून. मग दोघा-दोघांनी उचलून नेऊन ओहोळात रचल्या, एकीवर एक, सरळ. तिसरा थर चढवला आणि मधली गोणी घरंगळून खाली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. घोडबंदर रोडच्या टॉवरमधली एक मुलगी होती, तिने वहीत मापं घेऊन आकृती काढली होती. आकृती छान होती. गोण्या ऐकत नव्हत्या.

मी लहानपणापासून बाबांचा डबा घेऊन मार्केटात जायचे. डबा दिला की भांडं रिकामं होईपर्यंत बसायचं, समोर काय तर थप्पी, एकावर एक रचलेल्या गोण्या. टोळीतली माणसं थप्पी लावताना मी इतकी बघितलीय की ती कशी लागते हे कुणी शिकवायची गरज नव्हती. ठासून भरलेली गोणी गोल होते, ती बसत नाही, लोळते. जरा ढिली भरली, पाऊण, की पडल्यावर पसरते आणि खालच्या दोघींच्या फटीत आपली जागा करते. वरची गोणी नेहमी खालच्या सांध्यावर. कोपऱ्याला एक उभी, एक आडवी, म्हणजे बांध बसतो. खालचा थर रुंद, वर जाताना आत आत घ्यायचं. आणि दोघांनी धरून चालत न्यायच्या नाहीत, त्यात दोघांची कंबर जाते. साखळी करायची, हातातून हातात.

हे मी सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, तुला काय माहीत. मी म्हटलं, माझे बाबा माथाडी आहेत. पुढे काही विशेष घडलं नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गोण्या अर्ध्या रिकाम्या केल्या, दाभण आणि सुतळी घेऊन पाड्यातल्या दोन म्हाताऱ्या आमच्याबरोबर तोंडं शिवायला बसल्या. दुपारपर्यंत चार थर उभे. मधल्या जागेत चिखल आणि गवत दाबलं. संध्याकाळी बांधामागे पाणी साठायला लागलं तेव्हा सर आले, बघितलं आणि म्हणाले, उद्यापासून कामाचं वाटप ही करेल.

वाटपात जेवणही आलं. तिसऱ्या दिवशी तांदूळ संपत आला होता, कारण आधीच्यांनी माणशी घरचं माप धरलं होतं. घरी मूठभर भात खाणारा पोरगा दिवसभर माती उपसल्यावर दुप्पट खातो. आमच्याकडे गाडी खाली करून आल्यावर बाबांना पाच भाकरी लागतात, हे आईला न मोजता कळतं. शहापूरच्या बाजारातून तांदूळ, तूरडाळ, कांदे आणले. हिशेबाची वही माझ्याकडे आली ती शिबिर संपेपर्यंत राहिली. अकाउंट्समध्ये डळमळणारी मी, पण ती वही पैशापर्यंत जुळली.

आता तुझ्या प्रश्नातलं, 'आपली माणसं'. त्या शिबिरात घणसोली गावातला एक आगरी मुलगा होता. दुसऱ्याच रात्री शेकोटीशी तो मला म्हणाला, तुमची माथाडी कॉलनी उभी आहे ना, तिथं आमच्यासारख्यांची भातशेती होती. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने घेतली. मी पण गप्प बसणारी नव्हे. म्हटलं, आम्हाला काय फुकट मिळालं? माथाडी कायदा १९६९ चा, तो होण्याआधी पाठीवर ओझं नेणाऱ्याला ना पगाराची खात्री ना रजा. बराच वेळ भांडलो. त्याच्या घरात जमिनी गेलेल्यांचे नेते दि. बा. पाटलांचा फोटो, आमच्या घरात माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटलांचा. १९८४ च्या जानेवारीत उरणकडे जासई आणि नवघरच्या बाजूला शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याची योजना आली, हे सगळं मला त्याने त्या रात्री सांगितलं. मी लहानपणापासून त्याच जमिनीवर राहत होते आणि मला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यालाही अण्णासाहेबांबद्दल आडनावापलीकडे माहिती नव्हती. आमचं अजून पटत नाही. नवी मुंबईच्या विमानतळाला कुणाचं नाव यावरून तर परवासुद्धा फोनवर वाजलं. पण माझ्या लग्नात पंगतीचा सगळा भार त्याने अंगावर घेतला होता.

दादाला मी हेच सांगते. तुझ्या हॉस्टेलवर कोण होतं? सगळे एकाच सीईटीतून आलेले, जवळजवळ सारखेच मार्क, सगळ्यांना एकाच कंपनीत जायचंय. एका खोलीत राहिलात म्हणून जवळ आलात, चांगलंच आहे. पण आपल्यासारखीच माणसं सापडणं यात मोठं ते काय? मला जी सापडली ती माझ्यासारखी नव्हती. टॉवरमधली आकृतीवाली, घणसोलीचा, कळव्याच्या चाळीतला एक, ज्याने सात दिवस फक्त चूल सांभाळली आणि कुणाशी चार वाक्यं बोलला नाही. एका कामाला जुंपलो म्हणून ओळखी झाल्या. तलावपाळीला पाणीपुरी खात बसून त्या झाल्या नसत्या, निदान माझ्या तरी नाही.

म्हणून ग्रुप शोधत फिरू नकोस. 'कम्युनिटी' हा शब्द हल्ली फार झालाय, व्हॉट्सॲपवर कुणीही उघडतं. असं काम धर ज्यात तुझ्यावाचून दुसऱ्याचं अडेल. एनएसएस असो, एकांकिकेचं बॅकस्टेज असो, कॉलेजच्या फेस्टमध्ये खुर्च्या-मांडवाचा हिशेब असो. स्टेजवरची कामं मागू नकोस, ती आधीच वाटलेली असतात. जे काम कुणाला नको असतं ते माग, पटकन मिळतं.

आणि 'पुढे काय' याचं उत्तर मला कॉलेजात मिळालं नाही. बी.कॉम. झाल्यावर सगळे करतात म्हणून मीही बँकेच्या परीक्षांना बसले, अभ्यासिकेत वर्षभर रिझनिंग सोडवलं. निवड झाली नाही. मग त्या घणसोलीच्या मुलाच्या मामाने सांगितलं, उरणकडे एका कंटेनर यार्डात कागदपत्रं बघायला माणूस हवाय. गेले. पहिली दोन वर्षं नुसते फॉर्म भरले, कंटाळा यायचा. एकदा गोदामात स्टफिंग, म्हणजे कंटेनर भरणं, चालू होतं, मालाच्या पेट्या कंटेनरमध्ये बसत नव्हत्या आणि सुपरवायझर आणखी एक कंटेनर मागवायला निघाला होता. मी म्हटलं, थांबा, थप्पी बदलून बघू. बसल्या. आज मी तिथेच प्लॅनिंग बघते, कुठला माल कुठल्या कंटेनरमध्ये, कसा, किती. बाबा ऐकून म्हणाले, "म्हंजी मुकादमच की." बढती झाली तेव्हा दादाने पगार विचारला, काम विचारलं नाही.

तुझी आवड काय, पॅशन काय, असं विचारणाऱ्यांपासून जरा लांब राहा. विसाव्या वर्षी ते कुणालाच माहीत नसतं. ज्यांना माहीत असतं त्यांच्या घरी बहुतेक वेळा धंदा तयार असतो.

आता काही गोष्टी दादाच्या बाजूनेही सांगायला हव्यात, नाहीतर तो म्हणेल एकतर्फी लिहिलंस. बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याचे हॉस्टेलचे दोन मित्र पुण्याहून येऊन रात्रभर बसले होते. माझ्या शिबिरातल्यांपैकी त्या रात्री कुणी नव्हतं, दुसऱ्या दिवशी आले. तेव्हा हॉस्टेलची मैत्री कच्ची असते असं माझं म्हणणं नाही. आणि घरी जर वातावरण असं असेल की श्वास घेता येत नाही, तर बाहेर पड, पुणं काय किंवा कुठलंही. ते कारण पुरेसं आहे. तसंच झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर हे शिबिर-बिबिर बाजूला ठेव आणि आधी डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोल, कारण तो प्रश्न वेगळा आहे.

एनएसएसचंही माझ्या वेळचं सगळं आता तसंच असेल असं धरू नकोस. नव्या शैक्षणिक धोरणात ते क्रेडिटमध्ये धरतात, त्यामुळे नुसती हजेरी लावायला येणारी पोरं आणखी वाढली असणार. नाव देण्याआधी मागच्या वर्षीच्या पोरांना एवढंच विचार की शिबिरात खरंच काम होतं की नुसती भाषणं. भाषणंच असतील तर जाऊ नकोस.

पुण्याचं ठरवलंसच तर एक बघ. तिसऱ्या वर्षाला विद्यापीठ बदलायचं म्हणजे इथून सोडल्याचं मायग्रेशन सर्टिफिकेट आलं, तिथं पात्र ठरायची एलिजिबिलिटी आली, आणि तुझे इथले विषय तिथल्यांशी जुळायला हवेत. जुळले नाहीत तर मागचे पेपर पुन्हा द्यायला लावू शकतात. शिवाय ॲडमिशन मिळाली म्हणजे हॉस्टेल मिळालंच असं नाही, पहिल्या वर्षापासून राहणारी पोरं आधी धरतात. मित्राला म्हणावं, आधी तुझ्या कॉलेजच्या ऑफिसात जाऊन तिसऱ्या वर्षाला बाहेरचा विद्यार्थी घेतात का आणि खोली देतात का, एवढं विचारून ये.