बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला तासन्‌तास वाचूनही परीक्षेत काही आठवत नाही. अभ्यास कसा करावा?

दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बी.एस्सी.चं पहिलं वर्ष, रोज चार तास अभ्यासिकेत बसून नोट्स वाचतो, तरी टेस्टला कोरा राहतो, असं तुम्ही लिहिलंय. मी पदवीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवतो. दरवर्षी निम्मा वर्ग हेच सांगत येतो, आणि ही मुलं आळशी मुळीच नसतात.

तुमचे तास कमी नाहीत, पण ते सगळे वाचण्यात जातात. तीच नोट तिसऱ्यांदा वाचताना डोळ्यांना ओळखीची वाटते आणि 'येतंय' असा भास होतो. परीक्षेत मात्र नोट समोर नसते. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर हेच तपासलं. काहींनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी एकदा वाचून न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा त्यांना सुमारे ४२ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ५६.

तेव्हा नोट मिटा आणि पाठकोऱ्या कागदावर उतरवायला लागा. एसएन१ आणि एसएन२ घ्या, म्हणजे कार्बनवरचा एक गट जाऊन त्याच्या जागी दुसरा येण्याच्या दोन पद्धती, बारावीला झालंच आहे. टर्शरी ब्युटाइल ब्रोमाइड काढा आणि पाण्यासोबत काय होतं ते पायरीपायरीने लिहा. ब्रोमाइड आधी निघतो की पाणी आधी जोडलं जातं? बाण कुठून कुठे? बाण इलेक्ट्रॉनचा प्रवास दाखवतो, म्हणून तो पाण्यातल्या ऑक्सिजनच्या इलेक्ट्रॉन जोडीपासून निघून कार्बनकडे जायला हवा. वाचताना हे सगळ्यांना पटतं. कागदावर निम्मे जण उलटा काढतात. अडाल तिथे लगेच नोट उघडू नका, दोन-चार मिनिटं डोकं खाजवा. मग उघडा आणि चुकलेलं तेवढंच लाल पेनाने दुरुस्त करा. पुढच्या वेळी आधी हे लाल भाग बघायचे.

आता भाषेचं. हा कागद पहिल्यांदा मराठीतच लिहा, अगदी बोलता तसा: 'तीन मिथाइलची गर्दी आहे, मागून शिरायला जागाच नाही, म्हणून आधी ब्रोमाइड निघून जातो, कार्बोकॅटायन (धनभारित कार्बन) तयार होतो, मग पाणी येतं.' एवढं जमलं म्हणजे विषय समजला. इंग्रजीत लिहिण्याचा सराव दुसऱ्या फेरीत करायचा, आणि तो करायलाच हवा, कारण पेपर इंग्रजीत आहे. दोन्ही एकदम करायला गेलं की मुलं न समजलेली इंग्रजी वाक्यं पाठ करतात. प्रश्न जरा फिरवून आला की सगळं संपतं.

दुसरी फेरी त्याच दिवशी नको. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच केलेले प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केले होते. विसरण्याचा मोठा भाग पहिल्या दिवसातच होतो, पुढे वेग मंदावतो, असं त्याला दिसलं. म्हणून आज लेक्चर झालं तर उद्या एक कागद, तीन-चार दिवसांनी दुसरा, पुढच्या आठवड्यात तिसरा. प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटं पुरतात. पेपरच्या आदल्या रात्री क्वेश्चन बँक घेऊन बसणाऱ्याचं पासिंग निघतंही, नाही असं नाही. पण पुढच्या सेमिस्टरला तोच धडा पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

रंगीत हायलायटर, भिंतीवरचं टाइमटेबल वगैरे हौस असेल तर करा. फोन अभ्यासिकेच्या लॉकरमध्ये टाका.

आणि लाल पेनाचा कागद घेऊन सरांकडे जा. 'सर, हा चॅप्टरच कळला नाही' म्हटलं की आम्ही पुन्हा तेच लेक्चर देतो, खरं सांगायचं तर जरा कंटाळूनच. 'हा बाण इथून का निघतो?' असं विचारलंत तर दोन मिनिटांत काम होतं, तेही वऱ्हांड्यात उभ्या उभ्या.