आधी कोणाला हो म्हटलंस?

प्रिय पोरा,

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. क्लबच्या कोल्हापूर दौऱ्याला तू कधीच हो म्हणून बसलायस, तिकिटंही निघालीत. आणि आता त्याच आठवड्यात नेरूळला एका आयपीएल फ्रँचायझीच्या सरावाला नेट बोलर म्हणून, म्हणजे त्यांच्या फलंदाजांना सरावात चेंडू टाकायला, बोलावणं आलंय. इथवर ठीक, असं होतंच. पण शेवटच्या ओळीनं सकाळचा चहा कडू केला. ‘सर, कॅप्टनला हॅमस्ट्रिंग सांगू का?’ म्हणजे मांडीचा स्नायू दुखावल्याची थाप.

नाही. अजिबात नाही.

देश मोठा की पैसा, क्लब मोठा की लीग, यावर मी प्रवचन देणार नाही. त्यासाठी टीव्हीवर कोट घातलेली माणसं आहेत. माझा प्रश्न एकच आहे आणि तू वैतागेपर्यंत तोच विचारणार आहे. आधी कोणाला हो म्हटलंस? ज्याला आधी, त्याचा हक्क आधी. समोरचा केवढा मोठा आणि देतो किती, हे नंतर बघू.

तुम्हा मुलांना वाटतं, हे त्रांगडं २००८ मध्ये आयपीएलबरोबर आलं. विनू मांकड हे नाव तुमच्यात आता नॉन-स्ट्रायकरला धावबाद करण्यापुरतं उरलंय, म्हणून सांगतो. १९५२ मध्ये आपला संघ इंग्लंड दौऱ्यावर जायचा होता, आणि आपले अष्टपैलू मांकड यांना तिथल्याच लँकाशायर लीगमधल्या हॅस्लिंगडन क्लबची ऑफर होती. त्यांनी बोर्डाला विचारलं, दौऱ्यावर माझी जागा नक्की आहे का? बोर्डानं तसा शब्द दिला नाही. मांकड हॅस्लिंगडनला गेले. लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात आपले शून्यावर चार गडी गेले आणि मग सगळ्यांना मांकड आठवले. क्लबकडे विनंती गेली, क्लबनं मोकळं केलं. लॉर्ड्सला या माणसानं ७२ आणि १८४ केल्या, इंग्लंडच्या पहिल्या डावात ७३ षटकं टाकून पाच बळी घेतले. कसोटी आपण हरलोच, पण आजही ती मांकडांची कसोटी म्हणूनच ओळखतात.

यात देशप्रेम शोधू नकोस. क्रम बघ. बोर्डानं शब्द दिला नाही, क्लबनं दिला, म्हणून क्लबचा हक्क आधी. आणि क्लबकडून सुटायचं तर क्लबला विचारून. पाठ धरलीय, बोट मुरगळलंय, असलं काही नाही.

आता तू म्हणशील, सर, ते जुने दिवस. बरं, नवे घे. इंग्लंडच्या हॅरी ब्रूकला आयपीएलमध्ये दिल्लीनं २०२५ च्या हंगामासाठी सव्वासहा कोटींना घेतलं आणि हंगाम तोंडावर आल्यावर त्यानं माघार घेतली. इंग्लंडसाठी तयारी करायची म्हणाला. लिलावात विकलं गेल्यावर योग्य कारणाशिवाय माघार घेणाऱ्याला दोन हंगाम बंदी, हा नियम आधीच झाला होता. त्याप्रमाणे बंदी बसली. आमच्या कट्ट्यावर निम्मे लोक म्हणाले, बघा, देशासाठी कोटी सोडले! मला नाही पटलं. देश आधी होता ना? मग लिलावात नाव कशाला दिलंस? देशासाठी मोडला तरी शब्द मोडलाच.

उलट न्यूझीलंडचा गोलंदाज ट्रेंट बोल्ट बघ. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्यानं न्यूझीलंड बोर्डाला सांगितलं की मला करारातून मोकळं करा, घरच्यांना वेळ द्यायचाय, लीग खेळायच्यात. संघात जागा मिळायची शक्यता कमी होईल हेही त्याला ठाऊक होतं. बोर्डानं सोडलं. पुढे २०२३ च्या विश्वचषकात तोच पोऱ्या न्यूझीलंडकडून नवा चेंडू टाकत होता. खरं बोलणाऱ्यासाठी दार कुलूप लावून बंद करत नाही कोणी. निदान लगेच तरी नाही.

आणि सगळ्यात वाईट कोण वागतं, तर खेळाडू नाही, बोर्डं. दक्षिण आफ्रिकेनं २०२४ च्या सुरुवातीला एकाच सुमारास दोन ठिकाणी हो म्हटलं होतं. इकडे घरची एसए-२० ही टी-२० लीग, तिकडे न्यूझीलंडमध्ये दोन कसोटी. मोठी नावं लीगसाठी घरी थांबली. दौऱ्यावरच्या संघाचा कर्णधार नील ब्रँड, तो स्वतःच पहिली कसोटी खेळत होता. न्यूझीलंडनं त्या देशाविरुद्ध पहिल्यांदा कसोटी मालिका जिंकली, दोन-शून्य. मी ते सामने पहाटे उठून पाहिले आणि चरफडलो. आता खरं सांगायचं तर त्याच दक्षिण आफ्रिकेनं २०२५ च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवून कसोटी अजिंक्यपद जिंकलं, त्यामुळे माझं रडगाणं आता कोणी ऐकत नाही. पण ब्रँडच्या त्या पोरांना कर्ज फेडायला पाठवलेल्या जामीनदारासारखं उभं केलं होतं, हे मी म्हणतच राहणार.

पैशाला नावं ठेवणारे बहुतेक पेन्शनवाले असतात. मी त्यातला नाही. बोर्डानं २०२१ मध्ये ठरवलेल्या दरानं रणजी करंडकात अंतिम अकरात खेळणाऱ्या नवख्याला दिवसाला ४० हजार, आणि २०२५ च्या आयपीएल लिलावात सगळ्यात खालची बोली ३० लाखांची. हा हिशेब तुझ्या बाबांना माझ्यापेक्षा जास्त कळतो, घराचे हप्ते ते भरतात. दक्षिण आफ्रिकेचा क्लासेन आणि वेस्ट इंडीजचा पूरन दोघांनीही २०२५ च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडलं, पूरन तर २९ वर्षांचा. मी त्यांना एक शब्द बोलणार नाही. अर्ध्या दौऱ्यातून पळाले नाहीत, जाहीर सांगून गेले. तुझ्यापुढे तो पेच यायचाही नाही म्हणा, आपल्या पुरुष खेळाडूंना निवृत्त होईपर्यंत बोर्ड बाहेरची टी-२० लीग खेळू देत नाही. तुझा पेच कोल्हापूर की नेरूळ एवढाच आहे. एवढ्यावर तुला खोटं सुचलं, याचाच मला राग आला.

माझं तुला अर्धंच माहीत आहे, बाकीचं सांगतो. मला इंग्लंडमधल्या एका क्लबचं बोलावणं आलं होतं. राहायला खोली, दर आठवड्याला पैसे, शनिवार-रविवार सामने. पण त्याआधी एका कंपनीनं मला खेळाडू म्हणून नोकरीवर घेताना विचारलं होतं, मध्येच सोडून जाणार नाहीस ना? मी नाही म्हटलं होतं. म्हणून गेलो नाही. पुढे कंपनीनं संघच बंद केला आणि आम्हाला स्टोअरमध्ये बसवलं. बढतीचं बोलणं कोणाला आठवेना. आजही मित्र डिवचतात, तू शब्द पाळलास, त्यांनी पाळला का? नाही पाळला. मग? त्यांच्या वागण्यावरून मी माझं वागणं ठरवायचं? ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर किटबॅग घेऊन लोकलची वाट बघताना मी याचा विचार पुष्कळ केलाय आणि दर वेळी उत्तर तेच आलंय. इंग्लंड पाहिलं नाही, ती रुखरुख आहे. टीव्हीवर काउंटीचं मैदान दिसलं की ही चॅनेल बदलते. पण तेच बोलावणं उद्या परत आलं तरी तसाच वागेन. हट्टी म्हण हवं तर. घरात म्हणतातच.

नेट बोलर म्हणजे काहीच नाही, असं मात्र मी म्हणत नाहीये. तामिळनाडूचा गोलंदाज नटराजन २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाला नेट बोलर म्हणून गेला आणि त्याच दौऱ्यात तिन्ही प्रकारांत भारताकडून खेळला. तेव्हा नेरूळला जायची इच्छा होणं साहजिक आहे. जाच, पण विचारून.

आज संध्याकाळी कॅप्टनला फोन कर. मेसेज नको. जे आहे ते सांग आणि विचार, मला सोडता का? दोन सामने खेळून मधूनच परतलो तर चालेल का? बदली लेगस्पिनर तू सुचव, कळव्याचा तो उंच पोरगा मोकळा आहे. हो म्हणाला तर ट्रान्स-हार्बरनं सरळ नेरूळ गाठ. नाही म्हणाला तर कोल्हापूर, आणि मग तोंड पाडून बोलिंग टाकायची नाही. फ्रँचायझीवाल्यांनाही आजच्या आज कळव, पुढच्या वेळी आठवण ठेवा म्हणून सांग. त्यांना तासाभरात दुसरा लेगस्पिनर मिळेल. क्लबला आयत्या वेळी कोल्हापुरात कुठून मिळणार?