लस घेतलेल्या मुलांनाही गोवर झाला, मग लसीचा उपयोग काय?

तुमचे प्रश्न दोन आहेत. साथीत आजारी पडलेल्यांपैकी बऱ्याच मुलांना गोवराची लस दिलेली होती, मग ती कशाला द्यायची? आणि आजार होऊन गेला तर जन्मभराचं संरक्षण मिळतं, मग तेच बरं नाही का? लसीकरणाच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. हे दोन्ही प्रश्न विचारणारे लोक मूर्ख नसतात, हे आधी सांगतो. पहिल्यात तर निव्वळ गणिताची गंमत आहे.

समजा 2000 मुलं आहेत. 1900 जणांचे दोन्ही डोस झालेत, 100 जणांना एकही मिळालेला नाही. दोन डोसनी साधारण 97 टक्के संरक्षण मिळतं. लस नसलेलं मूल रुग्णाच्या जवळ आलं तर दहातल्या नऊ जणांना गोवर होतो. आता विषाणू सगळ्यांपर्यंत पोचला असं धरा. लस घेतलेल्यांतले 57 आजारी पडतील, न घेतलेल्यांतले 90. एकूण 147, म्हणजे आजाऱ्यांपैकी शंभरात 39 लस घेतलेले! तुम्ही ऐकलेली बातमी अशीच तयार होते. पण 1900 मधले 57 कुठे आणि 100 मधले 90 कुठे? उद्या सगळ्यांनाच लस मिळाली, तर जे काही थोडे आजारी पडतील ते सगळेच्या सगळे लस घेतलेले असतील. आजाऱ्यांची यादी बघून लस जोखता येत नाही, निरोगी राहिलेल्यांचीही मोजदाद करावी लागते.

दुसरा डोस म्हणजे पहिल्याची उजळणी, असं पुष्कळांना वाटतं. गोवराच्या बाबतीत तसं नाही. पहिला डोस काही मुलांना लागूच पडत नाही. बऱ्याचदा कारण असं की आईकडून आलेली प्रतिद्रव्यं अजून रक्तात असतात आणि ती लसीतला विषाणू आधीच निकामी करतात. कोणाला लागू पडला नाही हे बाहेरून कळत नाही, म्हणून सगळ्यांनाच दुसरी संधी. पहिल्यानंतर ताप आला म्हणून दुसरा टाळणारे पालक मी खूप पाहिलेत. त्या लसीनंतर आठवडाभराने थोडा ताप, क्वचित पुरळ, हे अपेक्षितच असतं.

आता जन्मभराच्या संरक्षणाबद्दल. ते खरं आहे. 1846 मध्ये फॅरो बेटांवर गोवराची साथ आली, तेव्हा डेन्मार्कहून पीटर पानुम हा तरुण डॉक्टर तिथे गेला. त्याआधीची साथ 1781 ची, म्हणजे 65 वर्षांपूर्वीची. 7800 च्या आसपास वस्तीपैकी सुमारे 6000 लोक आजारी पडले, पण 1781 मध्ये ज्यांना गोवर झाला होता त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. मला हा माणूस फार आवडतो. प्रयोगशाळा नाही, सूक्ष्मदर्शक नाही, नुसती घरोघरी विचारपूस करून त्याने हे शोधलं.

पण किंमत बघा. हजारात साधारण एका रुग्णाच्या मेंदूला सूज येते. क्वचित एखाद्याला कित्येक वर्षांनी मेंदूचा असा विकार होतो, ज्यातून सहसा कोणी वाचत नाही. शिवाय गोवर शरीराची स्मरणशक्ती पुसतो. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, लस न घेतलेल्या मुलांची इतर आजारांविरुद्धची आधीची प्रतिद्रव्यं गोवरानंतर 11 ते 73 टक्क्यांपर्यंत कमी झालेली आढळली. म्हणजे एका आजाराचं संरक्षण कमावलं आणि बाकीच्यांचं गमावलं. लसीने असं होत नाही.

लसीकरणात चुका होतच नाहीत, असं मी म्हणणार नाही. 2018 मध्ये पॅसिफिक महासागरातल्या सामोआ या छोट्या बेट-देशात लसीची पूड पाण्याऐवजी चुकून भुलीच्या संदर्भात वापरल्या जाणाऱ्या औषधात मिसळली गेली आणि दोन बाळं दगावली. दोष लसीचा नव्हता, पण कार्यक्रम काही महिने थांबला आणि लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच. पुढच्याच वर्षी गोवर शिरला. जेमतेम दोन लाख वस्तीच्या त्या देशात 83 जण गेले, बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. शेवटी सरकारने दोन दिवस सगळं बंद ठेवलं, आणि लस राहिलेल्यांनी दाराबाहेर लाल कापड बांधायचं, म्हणजे पथक घरी येईल, असं ठरवलं.

गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेला तरी विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. त्यामुळे साथ रोखायला शंभरातल्या 95 जणांना संरक्षण लागतं. उरलेल्या पाचांत तान्ही बाळं असतात, कर्करोगावर उपचार घेणारी मुलं असतात. त्यांना ही लस देताच येत नाही.

तुमच्या धाकट्याचं कार्ड हरवलंय असं तुम्ही लिहिलंय. नोंद सापडत नसेल तर डोस झालाच नाही असं धरून पुन्हा घ्या. आधी झालेला असला तरी जास्तीच्या डोसने नुकसान होत नाही. मात्र त्याची प्रतिकारशक्ती कमी करणारं एखादं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि या वेळी कार्डाचा फोटो काढून ठेवा.