१८४० च्या दशकात मँचेस्टरच्या गिरणी कामगाराचं रोजचं आयुष्य कसं होतं?

दिवस सुरू व्हायचा खिडकीवरच्या टकटकीने. घरोघरी घड्याळं नव्हती, म्हणून चार पैसे घेऊन लांब काठीने वरच्या मजल्याची खिडकी ठोकणारी माणसं असत. उशीर झाला की मजुरी कापली जाई.

गिरणीत हवा मुद्दाम उबदार नि दमट ठेवत, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. त्यात कापसाची तूस छातीत जाई. मागांचा खडखडाट इतका की विणकर बायका ओठांच्या हालचालींवरून एकमेकींचं बोलणं ओळखत. चालत्या यंत्राखाली सरपटत जाऊन कापूस गोळा करायला लहान मुलं ठेवत. हे वाचताना आजही अंगावर काटा येतो. बायका आणि अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी दहा तासांची मर्यादा आली ती १८४७ च्या कायद्याने.

घरं पाठीला पाठ लावून बांधलेली, मागे खिडकीच नाही. कित्येक कुटुंबं तळघरात राहत. संडास सगळ्या अंगणाला मिळून एखाद-दुसरा.

कामगारांच्या आरोग्यस्थितीवर एडविन चॅडविक यांनी लिहिलेल्या १८४२ च्या अहवालात इथल्या मजूर कुटुंबांचं मृत्यूसमयीचं सरासरी वय १७ दिलंय, इंग्लंडमधल्याच रटलंड या ग्रामीण परगण्यात ३८. म्हणजे सगळे सतराव्या वर्षी जात असं नव्हे. तान्ही मुलंच इतकी दगावत, की सरासरी तिथवर घसरे.